दाणा पडेपर्यंत : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बेळगावजवळच्या आमच्या मच्छेच्या शेडवर दोन पानं छापून आली. कचऱ्यातलं प्लास्टिक निवडायचं, धुवायचं, वितळवायचं आणि त्याचा दाणा पाडून बादल्या, पाइप, खुर्च्या करणाऱ्यांना विकायचा, हे आमचं काम. लेखाखाली संपादकांनी ‘प्रश्न असतील तर पाठवा’ अशी ओळ टाकली, ती मला न विचारता. आता पत्रांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येऊन पडलाय. निम्म्या पत्रांत एकच विचारणा, किलोला काय द्याल? दर मी इथं लिहिणार नाही. नवा दाणा स्वस्त झाला की आमच्या जुन्या दाण्याला कोण विचारत नाही, आणि नव्याचा भाव कच्च्या तेलाबरोबर खाली-वर होतो. अंक तुमच्या हातात पडेपर्यंत माझा आकडा शिळा झालेला असणार. बाकीच्यांना जमेल तशी उत्तरं देते.

बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात भातात शिरतं. ओसरलं की बांधाला पन्नी, बाटल्या, थर्माकोल यांचा थर राहतो. आम्ही शेजारचे शेतकरी मिळून तो गोळा करायला तयार आहोत. तुमच्या मशीनला चालेल का?
— एक शेतकरी, येळ्ळूर

चालेल, पण थर उचलून जसाच्या तसा आणू नका. नाला काय काय वाहून आणतो ते मी लहानपणापासून बघत आलेय. माहेर वडगावचं, मागासाठी कांड्या भरत वाढले. नाल्याचा गाळ कुणी काढायचा हा वाद तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वर्षं घालताय, त्यात मी पडत नाही.

बांधावरच तीन ढीग करा. बाटल्या, झाकणं, फुटक्या बादल्या, डबे हा कडक माल एकीकडे; तो कधीही आणा. पन्नी, म्हणजे पिशव्या आणि प्लास्टिकचा पातळ कागद, दुसरीकडे. चपला, थर्माकोल, वेफर्सची चमकती पाकिटं तिसरीकडे, आणि हा तिसरा ढीग आमच्याकडे नको. सुया-सिरिंज दिसल्या तर त्यांना हातच लावायचा नाही.

पन्नीचं जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्याकडे तीच जास्त असणार. मशीनच्या बॅरलमध्ये, म्हणजे तापलेल्या नळकांड्यात, प्लास्टिक वितळतं, फिरता स्क्रू ते पुढं ढकलतो आणि तोंडाशी बारीक तारेच्या जाळीतून ते बाहेर पडतं. शेवयांसारख्या लांब दोऱ्या पाण्याच्या हौदात पडतात, थंड होतात आणि पुढं कटर त्यांचा दाणा पाडतो. पन्नीला माती राहिली असेल तर ती त्या जाळीवर जाऊन बसते. आतला दाब चढतो, मशीनचा आवाज बदलतो, मग सगळं थांबवून गरम जाळी काढायची, नवी घालायची. एवढ्यातूनही बारीक माती पुढं निसटली, तर ज्याच्या पातळ प्लास्टिकच्या फिल्ममध्ये तो दाणा जाईल त्याची फिल्म तिथंच फाटते आणि तो पुन्हा आमच्या दारात येत नाही. रेतीनं स्क्रू झिजतो तो खर्च वेगळा.

म्हणून पाणी ओसरल्या ओसरल्या हात घालू नका. सुगी होऊ द्या. पन्नी गोळा करून बांधावर उन्हात पसरा, वर दगड ठेवा, नाहीतर शेजाऱ्याच्या रानात जाईल. कडकडीत वाळली की झटका, चिखलाचे पापुद्रे आपोआप सुटतात. नाल्यातच धुऊन आणतो असं एकानं लिहिलंय, ते करू नका. पाणी तेच घाण, आणि पन्नीचे तुकडे खालच्या माणसाच्या भातात जाणार. धुणं आमच्यावर सोडा. आमच्या धुण्याचं पाणी टाकीत निवळवून पुन्हा वापरतो.

आणि तिसरा ढीग पेटवायचा नाही. त्यात पीव्हीसी, म्हणजे पाइप-वायरच्या आवरणाच्या जातीचं प्लास्टिक, असतंच असतं. ते जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो, डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात आणि राख राहते ती तुमच्याच मातीत. ज्या मातीत बासमती घेता त्या मातीत हे कशाला?

अक्का, मोबाइलवर एक मशीन बघितलं. एका बाजूनं कसलंही प्लास्टिक टाकायचं, दुसऱ्या बाजूनं विटा बाहेर. घरची तंबाखूची वखार रिकामी आहे. घालू का धंद्यात पैसे?
— एक तरुण, निपाणी

इतक्यात नको. ‘कसलंही प्लास्टिक’ म्हणणारा माणूस तुला मशीन विकायला बसलाय, विटा विकायला नव्हे.

दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक, आम्ही त्याला एलडी म्हणतो, ते 110 अंशांच्या आसपास वितळतं. शाम्पूच्या बाटलीचं एचडी 130 च्या आसपास. खताच्या पोत्याचं पीपी 160 ते 165. पाण्याच्या बाटलीचं पेट 250 च्या आसपास. मशीन यापेक्षा बरंच वर ठेवावं लागतं, कारण नुसतं वितळून भागत नाही, ते जाळीतून वाहायला पाहिजे. एलडीला साधारण 160 ते 190, पीपीला 200 ते 230. आता हे सगळं एकत्र टाकून बघ. 190 वर ठेवलंस तर पेटचे तुकडे कच्चेच राहून जाळीवर बसणार. पेटसाठी 270 केलंस तर पन्नी करपणार आणि शेडभर धूर. त्यात पाइपचा किंवा वायरच्या आवरणाचा तुकडा सापडला, म्हणजे पीव्हीसी, की तो काळा पडून तोच आम्लाचा वायू सोडणार. डोळे चुरचुरतात, घसा धरतो आणि बॅरलचं लोखंड आतून खाल्लं जातं. कुकरच्या मुठीचं काळं बेकेलाइट किंवा मेलामाइनची ताटली तर कितीही तापव, वितळतच नाही, नुसती जळते. आणि समज, सगळं वितळलं, तरी पॉलिथिन, म्हणजे एलडी-एचडी, आणि पीपी एकमेकांत मुरत नाहीत. वीट दिसायला झकास, आपटली की थराथरानं सुटते.

तेव्हा या धंद्यातली अक्कल मशीनमध्ये नाही, निवडणाऱ्या बायकांच्या हातात आहे. आमच्याकडे मशीनवर एक माणूस आणि निवडायला बायकांची ओळ. त्यांचं काम बघायला ये एकदा. गोणपाटावर बसलेली बाई पन्नी उचलते आणि मुठीत चुरगाळते. आवाज न करता मऊ दबली तर एलडी, कुरकुरली तर एचडी, चरचरली आणि चकाकली तर पीपी. हे सगळं ढिगाकडे न बघता, शेजारणीशी कन्नडमध्ये गप्पा मारत चाललेलं असतं. बाटली उलटी करून तळ बघायचा. मधोमध टिंब असेल तर पेट, आडवी शिवण असेल तर बहुतेक एचडी. शिवण आहे पण दुमडल्यावर पांढरा वळ उठला, तर पीव्हीसीचा संशय, ती बाजूला. तरीही शंका राहिली तर तांब्याची तार. तार तापवायची, तुकड्याला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की त्यात क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. हे उघड्यावर, नखाएवढ्या तुकड्यावर करायचं आणि नाक पुढं करायचं नाही. आमच्यातल्या जुन्या बायका धुराच्या वासावरून ओळखतात: पॉलिथिनला मेणबत्तीचा वास, नायलॉनला जळक्या केसांचा. मी त्यांना रोज ओरडते, त्या रोज हसतात.

अगदी पीव्हीसीचा एक चुकार तुकडा पेटच्या मालात गेला तरी सगळा माल पिवळट पडतो, काळे ठिपके येतात. पेटचं दुसरं दुखणं म्हणजे ओल. नीट वाळवलं नाही तर वितळताना पाणी त्याच्या साखळ्या तोडतं आणि माल ठिसूळ होतो. म्हणून आम्ही पेट वितळवतच नाही. गठ्ठे बांधून पुढं पाठवतो. त्याचा धागा निघतो, उशा-गाद्यांत भरायचा कापूस निघतो.

तुझ्या वखारीत आधी नुसती निवड आणि तुकडे करायचं ग्राइंडर टाक. एका जातीचा, एका रंगाचा, धुतलेला तुकडा कुणीही घेतो. वर्षभर माल कुठून येतो, कसा येतो, गिऱ्हाईक कोण, ते कळेल. मग दाण्याचं मशीन. वखारीला लाकडी माडी असेल तर हीटर लावायचा विचारही नको. थ्री फेज लाइन, धुण्याच्या पाण्याचा निचरा आणि आग विझवायची सोय, हे तिन्ही नसताना कुणी मशीन फुकट दिलं तरी घेऊ नकोस.

कागदपत्रांचं विचारलंयस. 2016 च्या प्लास्टिक कचरा नियमांप्रमाणे नोंदणी लागते आणि प्रदूषण मंडळाची संमती दोनदा, एकदा उभारायला, एकदा चालवायला. निपाणीत असशील तर कर्नाटकाचं मंडळ. कुणी तुला कागलच्या पंचतारांकित वसाहतीत जागा स्वस्त मिळते म्हणाला असेल तर तिथं महाराष्ट्राचं मंडळ. रस्ता तोच, ट्रक तोच, अर्ज वेगळा. आपल्या भागात राहून याची सवय असेलच म्हणा.

मी दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून साठवते. सासूबाई म्हणतात, खुळी आहेस. याचा खरंच उपयोग होतो का?
— एक गृहिणी, शहापूर

होतो की. घरातून निघणाऱ्या पन्नीत दुधाच्या पिशवीसारखा सरळ माल दुसरा नाही. एका जातीचा, जाड, भरपूर. फक्त धुतलेली पाहिजे. आंबलेल्या दुधाचा वास दाण्यातसुद्धा उतरतो. आणि पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका, लोंबता ठेवा. तो नखाएवढा तुकडा कुणी वेचत नाही, गटारातून थेट नाल्यात जातो. वर येळ्ळूरचं पत्र वाचलंत ना?

पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून वेगळं द्या. झाकण वेगळ्या प्लास्टिकचं असतं. बादलीभर पाण्यात दोन्हीचे तुकडे टाकून बघा, झाकण तरंगतं, बाटली बुडते. आमच्या शेडमध्ये मोठ्या हौदात हेच चालतं. वेफर्स, शाम्पूच्या पुड्या, बिस्किटांचे कागद मात्र साठवू नका. त्यांत दोन-तीन जातींचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, वर चकाकीला ॲल्युमिनियमचा मुलामा. ते सोडवणं आमच्या आवाक्यातलं नाही. असा माल सिमेंटच्या भट्टीत कोळशाच्या जोडीनं जाळता येतो. तिथं 1400 अंशांच्या वर उष्णता असते. बागलकोट, कलबुर्गीकडं अशा भट्ट्या आहेत. पण तिथपर्यंत पोचवणं हे नगरपालिकांचं काम, तुमच्या-माझ्या पिशवीचं नव्हे.

सासूबाईंना हा अंक दाखवा, पण तुमचं पत्र आहे हे सांगू नका.

ऊस मोडला, ठिबकच्या नळ्या काढल्या. खताची पोती, मल्चिंगचा कागद, औषधांच्या बाटल्याही आहेत. एकदम गाडी भरून आणू का?
— एक ऊस उत्पादक, चिकोडी तालुका

गाडी भरून आणा, पण औषधांच्या बाटल्या त्यात नकोत. प्लास्टिक चांगलं असतं, म्हणूनच मोह होतो. पण विष आत राहिलेलं असतं आणि ती हाताळणार माझ्या बायका. फवारणीच्या वेळीच तीनदा विसळून ते पाणी पंपात घालायचं आणि बाटलीला भोक पाडून वेगळी ठेवायची, म्हणजे कुणी घरी तेल भरायला नेणार नाही.

ठिबकच्या नळ्या उत्तम. काळा रंग काजळीचा असतो, त्यामुळं उन्हात टिकतात आणि त्यांचा दाणा पुन्हा काळ्या पाइपलाच जातो. रबरी ग्रोमेट, टोकाची बुचं, जोडणी काढून टाका आणि नळीतला क्षार-गाळ आपटून घ्या. पोत्यांतलं आतलं अस्तर बाहेर ओढा; बाहेरचं विणलेलं पीपी, आतलं एलडी, दोन वेगळे ढीग. मल्चिंगचा कागद, म्हणजे पिकाच्या बुडाशी अंथरायची पन्नी, राहू द्या. तो 25-30 मायक्रॉनचा, उन्हानं चुरा झालेला, आणि वजनात मातीच जास्त. त्याचं गाडीभाडं तुम्हाला परवडणार नाही, धुणं मला परवडणार नाही.

शाळेत मुलांना प्लास्टिक वितळवून वस्तू करून दाखवायची आहे. चुलीवर पत्र्याच्या डब्यात करता येईल का?
— एक शिक्षिका, जांबोटी

नाही, बाई. चुलीला अंश मोजता येत नाहीत, आणि मुलांनी आणलेल्या ढिगात काय काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. वितळलेलं प्लास्टिक कातडीला चिकटलं की सुटत नाही.

त्याऐवजी बादलीत तरंगण-बुडण करा. दुधाची पिशवी, बाटलीचं झाकण, पाण्याची बाटली, जुन्या सीडीच्या डबीचा पारदर्शक तुकडा, असे नखाएवढे तुकडे घ्या. कात्री तुम्ही चालवा. पाण्यात दाबून बुडवा, हवेचा बुडबुडा चिकटला तर खोटं तरंगतं. पहिले दोन वर येतात, शेवटचे दोन तळाला. आता मीठ विरघळवत जा. डबीचा तुकडा हळूहळू उठून वर येतो, पाण्याची बाटली काही केल्या येत नाही. मुलांना हे पुरतं, आणि आमचा अर्धा धंदा यातच आला. पाणी मात्र गाळून फेका, तुकडे मागं ठेवा.

आमच्या फाउंड्रीची, ओतकामाच्या साच्यांतली जळकी वाळू टाकायला जागा नाही. ती आणि पन्नी मिळून पेव्हर ब्लॉक करता येतील, असं ऐकलं. खरं का?
— एक कारखानदार, उद्यमबाग

खरं आहे, अटींसकट. वितळलेलं एलडी सिमेंटच्या जागी वाळू धरून ठेवतं आणि वजनानं वाळूच जास्त लागते. पण तुमच्या वाळूत बेंटोनाइटची चिकणमाती आहे, कोळशाची भुकटी आहे, आणि कोअरची, म्हणजे साच्यातल्या गाभ्याची वाळू असेल तर चिकटवायचं रेझिन. बारीक भुकटी चाळून काढल्याशिवाय प्लास्टिक वाळूच्या कणाला धरत नाही. वाळू ओली असेल तर वाफेनं ब्लॉक पोकळ. वाळू आधी तापवून घालायची, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मला स्वतःला हे ब्लॉक फारसे आवडत नाहीत. अंगणात, गोठ्याच्या वाटेला ठीक. वर्दळीच्या रस्त्यावर ते घासतात आणि तो प्लास्टिकचा भुगा पावसाबरोबर वाहून जातो. शिवाय एकदा वाळू मिसळली की ते प्लास्टिक पुन्हा वितळवून दुसरं काही करता येत नाही. जी पन्नी इतकी मळकी आहे की तिचा दाणा निघणारच नाही, तीच यात घाला. दुधाच्या पिशव्या यात घालणाऱ्याचा मला राग येतो.

प्लास्टिकचे रस्ते टिकतात म्हणतात. मग खानापूरकडचे रस्ते तसे का करत नाहीत?
— एक एसटी प्रवासी, खानापूर तालुका

का करत नाहीत ते करणाऱ्यांना विचारा. कसे करतात ते मी सांगते. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी ही रीत बसवली, 2002 मध्ये पहिला रस्ता केला, 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खडी 160-170 अंशांपर्यंत तापवतात, त्यावर प्लास्टिकचा बारीक कातरा टाकतात. तो वितळून खडीच्या प्रत्येक दाण्यावर बसतो. त्यावर डांबर. डांबराच्या वजनाच्या 6 ते 8 टक्के प्लास्टिक पुरतं, आणि रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसनं 2013 मध्ये त्याची मार्गदर्शिकाही काढली.

तुमच्या भागाला यातला मुद्दा पाण्याचा. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस डांबर आणि खडी यांच्यामध्ये शिरतो, डांबर सुटतं, खड्डा पडतो. खडीवर प्लास्टिक बसलं की पाण्याला शिरायला वाव कमी. पण रस्त्याच्या कडेला गटारच नसेल आणि महिनाभर पाणी रस्त्यावरूनच वाहत असेल, तर प्लास्टिक काय करणार? यातही पीव्हीसी चालत नाही, म्हणजे निवड इथंही सुटली नाही.

मंडळाच्या मखराचा थर्माकोल दरवर्षी उरतो. वितळवता येईल?
— एक कार्यकर्ता, बेळगाव

वितळतो, पण आमच्याकडे येत नाही. त्यात जवळपास सगळी हवाच असते. टेम्पो भरून आणलात तरी माल पोतंभरही नाही, आणि तापवताना स्टायरीनचा उग्र वास सुटतो. तसंही सजावटीच्या थर्माकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. तेव्हा यंदा उरणार कसा, हे आधी मंडळात विचारा.

तुमच्या दाण्याच्या काळ्या डब्यात लोणचं घालून चालेल का? स्वस्त मिळतात म्हणून आठवडी बाजारातून चार आणले.
— एक आजी, उचगाव

नको, आजी. त्या डब्याचं प्लास्टिक आधी कशाचं होतं ते मलाही सांगता येणार नाही, आणि मी रोज त्यातच असते. सगळे रंग एकत्र झाले की तो माल काळाच करावा लागतो. लोणच्याचं मीठ, तेल, आंबटपणा त्यातलं काय काय ओढून घेईल ते खायच्या वस्तूला नको. त्यात झाडं लावा, गोवऱ्या ठेवा, कपड्याचा साबण ठेवा. लोणच्याला चिनी मातीची बरणीच बरी.